तीसपर्यंत मोजणाऱ्या लीलाकाकू

जपानमध्ये एवढी वर्षं काढली, नको नको म्हणत कच्चा मासासुद्धा खाऊन झाला, पण कोन्याकू मी अजून तोंडात घातलेला नाही. कोन्याकू म्हणजे सुरणाच्या भावकीतल्या एका कंदाचा करडा, थलथलीत ठोकळा. पूर्ण शाकाहारी, त्यामुळं टोकियोच्या हिगाशी-कसाई भागातल्या आमच्या मराठी बायका तो भाजीतही घालतात. मला मात्र सुपरमार्केटमध्ये तो दिसला की त्यात रुतलेला पांढरा छर्रा दिसतो आणि कानात लीलाकाकूंचा आवाज येतो, "बोटभर गेला. लिही." मग मी मुकाट्यानं टोफू उचलते आणि पुढं जाते.

लीलाकाकू आमच्या वरच्या मजल्यावरच्या नितीनची आई. नितीन टोकियोतल्या एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात कामाला होता. त्या वर्षांत आमच्या इमारतीत दर महिन्याला एखादं नवं मराठी नाव पत्रपेटीवर लागायचं, त्यातलाच हा एक. तिशीचा, अविवाहित, बोलायला मऊ. आई भुसावळकडची, निवृत्त, एकटी, म्हणून त्यानं तिला तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं. पहिल्या दिवशी लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा मला वाटलं, हरितालिकेच्या पूजेला शोभेल अशी बाई आहे. ठेंगणा बांधा, घट्ट अंबाडा, सुती पातळ आणि पायांत मुलानं घेतलेले पांढरेशुभ्र बूट. मी उजवीकडं उभी राहून काहीतरी विचारलं. त्यांनी उत्तर न देता माझा दंड धरला आणि मला अलगद डावीकडं आणून उभं केलं.

"आता बोल. तो कान गेलाय."

कसा गेला, ते मी विचारलं नाही. सासूबाईंच्या वयाच्या बाईला कान कसा गेला हे काय विचारायचं?

ते मला आठवडाभरानं कळलं. रोज दुपारी वरून ठप्, ठप्, ठप् असा आवाज यायचा. मला वाटलं काकू दाण्याचं कूट करतायत. घरचं कूट मिळेल या आशेनं मी वाटी घेऊन वर गेले. दाराच्या मुठीला लाल खणाची चिंधी बांधली होती. खानदेशात दृष्ट लागू नये म्हणून बांधत असतील, असं मनाशी ठरवून मी दार ढकललं.

काकू माझ्याकडं पाठ करून उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, कानांत कापसाचे बोळे, डोळ्यांवर नितीनचा पोहण्याचा चष्मा आणि दोन्ही हातांत पिस्तूल. समोर गॅलरीच्या दाराला टेकवून जाड गादीची घडी उभी केली होती, तिच्यापुढं प्लास्टिकच्या स्टुलावर कोन्याकूचा ठोकळा. माझ्या हातातली वाटी खाली पडली आणि गरगरत त्यांच्या पायांपर्यंत गेली. त्यांनी मान वळवली नाही.

"लाल निशाण दिसलं नाही का दारावर?"

त्यांनी पिस्तुलाचं तोंड गादीकडंच ठेवून आतली छर्र्यांची नळी काढली, ती बाजूला ठेवली, पिस्तूल त्याच दिशेला तोंड करून ठेवलं आणि मग वळल्या.

"काय बघून राह्यली? खेळण्यातलं आहे. नितीनचं. ये, बस डावीकडं. चहा टाकते."

त्या चहावर मला कळलं की ही बाई तीस वर्षं दारूगोळ्याच्या एका कारखान्यात होती. नवरा तिथंच कामाला होता. तो अचानक गेला आणि त्याच्या जागी हिला घेतलं. आधी झाडझूड, मग रिकामी काडतुसं वेचणं, मग लक्ष्यावरची भोकं मोजणं आणि शेवटी चाचणी विभागात स्वतः गोळी झाडणं. पिस्तुलाच्या गोळ्या तयार झाल्या की प्रत्येक लॉटमधल्या काही उचलायच्या, झाडून बघायच्या, किती फळ्या भेदल्या, किती नेमकी लागली, किती फुसक्या निघाल्या ते लिहायचं आणि पास किंवा रिजेक्ट असा शेरा मारायचा. हजारो गोळ्या झाडल्या असतील बाईनं, त्या आवाजानंच उजवा कान गेलेला. आयुष्यात एकदाही कुणावर राग काढायला नाही, हे त्या मुद्दाम सांगायच्या.

"माणसं म्हणतात, दारूगोळ्याची बाई. अगं, मी तर परीक्षेची बाई," त्या म्हणायच्या.

आणि परीक्षा तरी कशाकशाची! आगपेटी आणली की आधी दहा काड्या ओढून बघायच्या. छत्री नवी असली तरी नळाखाली धरायच्या. मी दिलेल्या शंकरपाळ्यांतली एक त्यांनी मोडून, दुसरी भिजवून, तिसरी खाऊन बघितली आणि म्हणाल्या, "पास. पण मोहन कमी पडलं." माझ्या शंकरपाळ्यांना आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. मला राग आला, पण पुढच्या वेळी मोहन वाढवलं हे कबूल करते.

त्यांची मुख्य खोड म्हणजे तीस मोजायची. चाप ओढला आणि गोळी सुटलीच नाही, तर काय करायचं? आपण काय करू? पिस्तूल उलटं करून बघू. काकू म्हणायच्या, तिथंच माणूस मरतो. गोळी आत धुमसत असते, उशिरा सुटते. म्हणून हात हलवायचा नाही, तोंड फिरवायचं नाही, उघडायचं नाही. आहे तिथं, आहे तसं धरून तीस मोजायचे. हे त्यांनी सगळ्या संसाराला लावलं होतं. दूध उतू गेलं, तीस. फोनवर कुणी वेडंवाकडं बोललं, तीस. एकदा आम्ही दोघी लोणचं भरत असताना भूकंपाचा चांगलाच दणका बसला. भांडी खडखडायला लागली, मी रामरक्षा आणि हनुमानस्तोत्र एकत्र म्हणत टेबलाखाली घुसले. काकू हातात बरणी धरून उभ्या, ओठ हलतायत. हादरा थांबल्यावर म्हणाल्या, "सव्वीस झाले होते." आणि उरलेले चार मोजूनच बरणी खाली ठेवली.

आता नितीनच्या पिस्तुलाचं सांगायला हवं. ऑफिसातली त्याची जपानी मंडळी रविवारी शहराबाहेरच्या एका मैदानात लुटूपुटूची लढाई खेळायची. प्लास्टिकचे छर्रे मारणारी खेळण्यातली पिस्तुलं, अंगावर लष्करी कपडे, डोळ्यांना चष्मे. त्यांनी नितीनला बोलावलं, याचंच त्याला अप्रूप. दोन वर्षं ज्यांच्याशी 'गुड मॉर्निंग'पलीकडं बोलणं नव्हतं ती माणसं आता त्याला 'नितीन-सान, नितीन-सान' म्हणून जेवायला न्यायला लागली होती. त्यांच्यातलाच एक बदली होऊन गेला, त्यानं जाताना आपलं पिस्तूल याला दिलं. खास जोर वाढवून घेतलेलं, असं तो कौतुकानं सांगायचा.

काकूंना ते कपाटात सापडलं. पहिल्यांदा त्यांनी ते केवळ हौसेनं झाडलं असावं. तीस वर्षांची सवय, हात शिवशिवणारच. पण दुसऱ्याच दिवसापासून त्यांची परीक्षा सुरू झाली. टोफू फार मऊ, त्यात काही कळत नाही. कोन्याकू बरा, तो बोट अडवतो तसा छर्रा अडवतो. मग ओल्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. मग नितीन रोज पिऊन टाकायचा ते कॉफीचे पत्र्याचे डबे. आणि मी? मी डावीकडं बसून वहीत लिहायची. कशी अडकले, माझं मलाच कळलं नाही. नवरा विचारायचा, आज दुपारी काय केलंस? मी सांगायची, जपानीचा अभ्यास.

एके दिवशी काकूंनी मला खेळण्यांच्या दुकानात नेलं. दुकानात मिळणारं साधं पिस्तूल त्यांना हवं होतं. विक्रेतीनं हसून विचारलं, नातवासाठी का? मी भाषांतर केलं. काकू म्हणाल्या, "नाही, तिला सांग, नमुन्यासाठी." घरी येऊन दोन्ही पिस्तुलं, तेच छर्रे, तेच अंतर, तसाच डबा. दुकानातल्या पिस्तुलानं डबा वाजला, पोचा आला, बस. नितीनच्या पिस्तुलानं छर्रा पत्र्यातून आरपार आत गेला आणि डब्यात खुळखुळला. वीसच्या वीस वेळा. काकूंनी डबा कानाशी, डाव्या कानाशी, हलवून बघितला. चेहरा असा उतरला की मला वाटलं चक्कर येतेय.

"मेधा, लिही. रिजेक्ट."

त्या संध्याकाळी मी तिथंच होते, त्यांनी मला मुद्दाम थांबवलं होतं. नितीन आला. काकूंनी ताट वाढलं आणि ताटाशेजारी भोक पडलेला डबा ठेवला.

"आई, तू रिटायर झालीस ना?" तो हसला. "खेळणं आहे ते."

"खेळण्यानं डबा वाजावा. फुटू नये. समोर माणसं असतात?"

"असतात. चष्मे लावतात सगळे."

"चष्मा सरकला तर?"

"आई, प्लीज. येत्या रविवारी मोठा खेळ आहे. त्यांच्यापुढं मी काय सांगू, आईनं नको म्हटलं?"

काकूंचे ओठ हलायला लागले. मी मनातल्या मनात त्यांच्याबरोबर मोजत होते. तीस झाले. "भात वाढू का?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, विषय संपला. शुक्रवारी सकाळी काकू कापडी पिशवी घेऊन दारात उभ्या. "चल जरा कोबानमध्ये. एक वस्तू जमा करायची आहे. तुला भाषा येते."

कोबान म्हणजे स्टेशनजवळची पोलिसांची चौकी. तिथं माणसं सापडलेल्या छत्र्या, पाकिटं, हातमोजे नेऊन देतात. काकूंना बागेत काहीतरी सापडलं असेल, असं धरून मी निघाले. वाटेत आम्ही भाजीही घेतली. आज विचार केला तरी अंगावर काटा येतो. मी मुळ्याची जुडी घेऊन पोलीस चौकीत शिरले.

आत एक वयस्कर आणि एक तरुण पोलीस होता. काकूंनी वाकून नमस्कार केला, पिशवीतून टॉवेलाची गुंडाळी काढली, टेबलावर ठेवून भिंतीकडं तोंड राहील अशी फिरवली आणि उलगडली. तरुण पोलीस खुर्चीसकट मागं सरकला. वयस्कराचा हात फोनवर गेला. काकू शांतपणे एकेक वस्तू मांडत होत्या: रिकामी केलेली नळी, छर्र्यांची पुडी, कॉफीचे डबे, आणि माझ्या अक्षरातली वही.

"त्यांना सांग, खेळणं म्हणून दिलेलं आहे, पण परीक्षेत नापास आहे. हे घरात ठेवण्यासारखं नाही."

हे जपानीत कसं सांगायचं ते माझ्या पुस्तकात नव्हतं. मी काय बोलले देव जाणे. वयस्कर पोलिसानं डबे उचलून उजेडात धरले, वही चाळली, काकूंकडं बघितलं, परत डबे बघितले. मग त्यानं एकच प्रश्न विचारला. हे कुणाचं?

नितीनच्या व्हिसाचं नूतनीकरण त्याच महिन्यात होतं. अर्ज आत गेला होता, शिक्का यायचा होता. आमच्यापैकी प्रत्येकाची नोकरी, घर, सगळं त्या शिक्क्यावर टांगलेलं. पोलिसांच्या कागदावर नाव चढलं तर काय होईल, ते कुणालाच माहीत नव्हतं आणि म्हणून सगळ्यांनाच धास्ती. मी काकूंच्या डाव्या कानाशी तोंड नेलं.

"काकू, बागेत सापडलं म्हणा. पाया पडते. नितीनचा व्हिसा आहे हो!"

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले. ते दोघं पोलीस उभे, मी उभी, मुळ्याचं पाणी फरशीवर ठिबकतंय. तीस झाले.

"माझ्या मुलाचं आहे," काकू म्हणाल्या. "त्याचं नाव लिहा."

मी भाषांतर केलं नाही. खरंच केलं नाही. तेव्हा काकूंनी पिशवीतून नितीनच्या नावाचं एक जुनं पाकीट काढलं आणि पत्त्यावर बोट ठेवलं.

बाहेर आल्यावर मी त्यांच्याशी बोलणार नव्हते. आई आहे की कोण आहे ही? मला संताप आला होता. स्टेशनसमोरच्या बाकावर त्या बसल्या, मी मुद्दाम उजवीकडं बसले. त्यांनी स्वतःच उठून बाजू बदलली आणि सांगायला लागल्या.

कारखान्यात, चाचणी विभागातच, शांता नावाची त्यांची मैत्रीण होती. दोघी एका डब्यात जेवायच्या. एकदा एका लॉटमध्ये काकूंना खोट दिसली. तो लॉट ज्या बाईच्या हातून भरला गेला होता ती नुकती बाळंतपणाहून परतलेली. तिच्यावर ठपका आला असता. काकूंना दया आली. पेटी बाजूला काढली, पण तिच्यावर लॉट कुणाचा ते लिहिलं नाही, शेराही मारला नाही. उद्या बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ती पेटी चांगल्या पेट्यांत ठेवली. त्यातली गोळी शांताच्या हातात आली. चाप ओढला, सुटली नाही. शांतानं सातपर्यंत मोजलं आणि उघडलं.

"डोळा गेला," काकू म्हणाल्या. "सगळे म्हणाले, शांता चुकली, तीस मोजले नाहीत. मीपण मान हलवली. तिला अजून माहीत नाही. दिवाळीला माझ्याकडं फराळाला येते."

समोरून माणसं स्टेशनात जात होती, येत होती. मी मुळ्याची जुडी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

"नाव लिहायचं राहिलं की कुणाचातरी डोळा जातो, मेधा. रविवारी कुणाचा गेला असता, ते मला बघायचं नव्हतं."

त्याच संध्याकाळी पोलीस नितीनच्या घरी आले. बूट दारात काढून, नीट वाकून, पण आले. सगळ्या मजल्यांवरची दारं बोटभर उघडली. नितीन पांढराफटक. त्यांच्यासाठी भाषांतराची गरज नव्हती, त्याला उत्तम जपानी यायचं, त्यामुळं त्यांनी काय सांगितलं ते मला नंतर कळलं. असल्या जोर वाढवलेल्या पिस्तुलांवर नवा कायदा आला होता. जमा करायची मुदत संपायला नऊ दिवस होते. त्यानंतर ते कपाटात सापडलं असतं तर तो गुन्हा ठरला असता. मुदतीत स्वतः आणून दिलं, म्हणून एका कागदावर सही, बस. जाताना वयस्कर पोलिसानं काकूंची वही दोन्ही हातांनी परत केली आणि भुवया उंचावून म्हणाला, इतकी नीट चाचणी मी आमच्याकडंही बघितलेली नाही.

कायद्याचं काकूंना काही माहीत नव्हतं. नितीनला माहीत होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

व्हिसाचा शिक्का तीन आठवड्यांनी आला. पण नितीन आईशी बोलायचा थांबला तो थांबलाच. पोलिसांचं कळल्यावर ऑफिसातल्या मंडळींनी त्याला खेळायला बोलावणं बंद केलं. त्यांनीही आपापली पिस्तुलं गुपचूप जमा केली असणार, तरी बोलावणं बंद केलं. तो सकाळी जायचा, उशिरा यायचा, ताट वाढलेलं असायचं, जेवायचा. आईचा मुक्काम आणखी वाढवायचा म्हणून आणलेला फॉर्म टेबलावर तसाच कोरा पडला होता. काकू रोज त्याच्यावरची धूळ पुसायच्या. मी म्हटलं, काकू, तुम्हीच बोला ना आधी. त्या म्हणाल्या, "धुमसतंय अजून. आता उघडलं तर दोघांनाही लागेल."

निघायच्या दिवशी विमानतळाच्या बसपर्यंत मीही गेले. काकूंच्या पायांत तेच पांढरे बूट, हातात पिशवी, पिशवीत माझ्या शंकरपाळ्या. या वेळी मोहन भरपूर घातलं होतं. नितीननं बॅग बसच्या पोटात ठेवली, बॅगेची पावती आईच्या हातात दिली आणि रस्त्याकडं बघत उभा राहिला. काकू त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. हलल्या नाहीत, तोंड फिरवलं नाही. ओठ हलायला लागले.

मी मोजत होते. एवढं मनापासून मी आयुष्यात कधी मोजलं नसेल. बोल रे बाबा, मी मनात म्हणत होते, बोल, ती उभी आहे. पण जपानमधली बस कुणासाठी थांबत नाही. माझे बावीस झाले होते तेव्हा हातमोजे घातलेल्या चालकानं घड्याळ बघून लवून विनंती केली, आणि तीस वर्षांत मधेच न थांबलेल्या त्या बाईनं मोजणं अर्धवट टाकून पायरीवर पाय ठेवला.

त्या रस्त्याच्या बाजूच्या खिडकीशी बसल्या. दार बंद झालं, बस हलली. आणि तेव्हा नितीन बसच्या मागून पलीकडं धावला, त्याच्यामागं मी. काचेवर हात मारत, भर रस्त्यात, लहान मुलासारखा ओरडत, "आई! आई, चुकलं माझं! आई!" रांगेतले जपानी लोक दचकून मागं सरले. मीही ओरडले.

काकू समोर बघत बसल्या होत्या, ओठ हलत होते. राहिलेले आठ पुरे करत असाव्यात. खिडकीच्या, आमच्या बाजूला, त्यांचा उजवा कान होता.